पूल येतो आहे. पण उतारूला विचारले का?

कोकणच्या किनाऱ्याचा नकाशा एकदा सावकाश पाहावा. शाळेत तो काढताना किनाऱ्याची रेघ सरळ ओढली की गुरुजी हमखास गुण कापत, आणि त्यांचे बरोबरच होते. थोड्या थोड्या अंतरावर समुद्र जमिनीत आत शिरला आहे. धरमतर, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, पूर्णगड, विजयदुर्ग, तेरेखोल! सह्याद्रीवरून धावत आलेल्या नद्या इथे समुद्राला भेटतात आणि जाता जाता एका गावाची दोन गावे करून टाकतात.

दाभोळच्या धक्क्यावर उभे राहिले की खाडीपलीकडचे धोपावे समोर दिसते. घरांची कौले दिसतात, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या दिसतात. फेरीबोटीत बसावे, गप्पांचा एक विषय संपेपर्यंत पलीकडे उतरावे. पण बोट नको, मोटारीनेच जातो म्हणाल, तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा शंभराहून अधिक किलोमीटरांचा वळसा! समोर दिसणाऱ्या घरी पोहोचायला सगळा दिवस मोडावा, असा हा मुलुख आहे.

अशा मुलुखात पूल व्हावा असे कुणाला वाटणार नाही? सगळ्यांनाच वाटते. आणि आता ते पूल खरोखरच व्हायला निघाले आहेत. रेवसपासून रेड्डीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा सागरी महामार्ग बॅ. अ. र. अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळापासून, म्हणजे १९८० सालापासून, कोकणाच्या कानावर आहे. सुमारे पाचशे किलोमीटरांचा हा रस्ता. त्याचे मधले तुकडे होत गेले, लहान खाड्यांवर पूल झाले. मोठ्या खाड्या मात्र तशाच राहिल्या. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने आता त्याही हाती घेतल्या असून काही पुलांची कामे अलीकडच्या वर्षांत सुरू झाली आहेत.

मग प्रश्न कसला? प्रश्न इतकाच की पूल झाल्यावर बोटीचे काय, आणि बोटीत बसणाऱ्याचे काय? हे त्याला कुणी विचारले आहे का?

तर, आगबोट आणि फेरीबोट

खाडी ओलांडून देणाऱ्या होडीला आपल्याकडे ‘तर’ म्हणतात. हा शब्द रस्त्याइतकाच जुना असावा. मुंबई इलाख्यात १८६८ साली तरींसाठी स्वतंत्र कायदा झाला. पाण्यावरून जाणारी वाट हीही सरकारच्या देखरेखीची गोष्ट आहे, हे तेव्हाच्या राज्यकर्त्यांनाही कळले होते.

खाडीवर जशी तर, तशी समुद्रावर आगबोट. आजच्या आजोबा-आजींना त्या आगबोटीबद्दल विचारून पाहा. तासाभराची निश्चिंती होईल! भाऊच्या धक्क्यावरची झुंबड, वळकट्यांनी अडवलेल्या जागा, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी एकामागून एक येणारी बंदरे. पुष्कळ ठिकाणी आगबोट किनाऱ्याला लागतच नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव येत. हेलकावणाऱ्या पडावात लेकरू आधी जाई, मग ट्रंक, मग आई. पावसाळा आला की सारे बंद.

त्या प्रवासात जीवही जात. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे समुद्राने घेतली. त्या दिवसाची आठवण ज्या घरांत आहे, तिथे ‘जुने ते सोने’ असे कुणी म्हणू नये.

पुढे घाटातले आणि खाडीवरचे रस्ते सुधारले, एस.टी. गावोगाव गेली, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. आगबोट त्याआधीच गेली होती. ती बंद करताना बंदरावरच्या माणसांना विचारावे असा नियमच त्या काळी नव्हता. रस्ता गावाच्या वरच्या अंगाने, डोंगराजवळून गेला. रेल्वे त्याहून आत गेली. आणि ज्या बंदरांकडे सगळ्या गावाचे तोंड होते, त्यांच्याकडे गावाची पाठ झाली. बंदरावरची दुकाने, वखारी, खानावळी ओस पडल्या. हे काही कुणी दुष्टाव्याने केले नाही. वाहन बदलले की गावाची पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती, हेही बदलते. पूल बांधताना लक्षात ठेवायचा पहिला धडा हाच.

मौज अशी की बोट पुरती संपली नाही. २००३ साली दाभोळ-धोपावे अशी मोटारीही वाहून नेणारी फेरीबोट सुरू झाली. पाठोपाठ वेसवी-बागमांडला, तवसाळ-जयगड, आगरदांडा-दिघी या खाड्यांवरही तशाच बोटी आल्या. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसकट नेणारी मोठी बोट मार्च २०२० मध्ये निघाली. म्हणजे एकविसाव्या शतकात, रेल्वे आणि महामार्ग असतानाही, कोकणी माणूस पाण्यावरून जातो आहे. आजचा पूल यायचा आहे तो मोडकळीस आलेल्या होडीच्या जागी नव्हे. चालत्या, भरलेल्या बोटीच्या जागी यायचा आहे.

पूल गावात उतरत नाही

वर्षातून एकदा बोटीत बसणाऱ्याला ती काव्य वाटते. दोन पोळ्या वाऱ्यावर टाकून सीगल पक्ष्यांचे फोटो काढावेत आणि ‘किती छान, हे राहायला हवे’ असे म्हणून पुढे जावे, हे आपल्याला सोपे आहे. रोज जाणाऱ्याला विचारा. शेवटची फेरी चुकली तर रात्र धक्क्यावर. वादळाचा बावटा लागला तर फेरी बंद. ओहोटीला पाणी उतरले की मोटारी चढवण्या-उतरवण्याची पंचाईत. बाळंतपणाच्या कळा आणि सर्पदंश भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून येत नाहीत. आंब्याच्या पेट्या बाजारात एक दिवस उशिरा पोहोचल्या तर बागायतदाराच्या वर्षाच्या कमाईला खार लागतो. पूल हवा म्हणणारा माणूस हे सगळे भोगून म्हणत असतो. त्याला निसर्गसौंदर्यावर व्याख्यान देणे हा उद्धटपणा होईल.

पण पूल हवा म्हणणाऱ्यालाही एक गोष्ट पुष्कळदा नंतर कळते. बोट धक्क्याला लागते आणि धक्का गावात असतो. पुलाचे तसे नसते. खालून मासेमारीच्या बोटी आणि गलबते जायची, तर पूल उंच हवा. उंच पुलावर चढायला लांबलचक चढाव हवा. तो चढाव सुरू होतो गावाबाहेर, जिथे जमीन मोकळी मिळते तिथे, आणि तसाच पलीकडे गावाबाहेर उतरतो. मोटारवाल्याला या दोन-तीन किलोमीटरांचे काहीच वाटत नाही. मात्र समजा एखादी कोळीण सकाळी मासळीची पाटी घेऊन पलीकडच्या बाजाराला निघाली आहे. आज ती घरातून धक्क्यावर येते, बोटीत पाटी ठेवते, पलीकडे उतरते की बाजार. उद्या तिला आधी पुलापर्यंत चालायचे, मग वाहनाची वाट पाहायची, पाटीचे वेगळे भाडे द्यायचे आणि उतरल्यावर बाजारापर्यंत पुन्हा चालायचे. नकाशावर खाडी बुजलेली असेल. तिच्यासाठी ती रुंद झालेली असेल.

शाळेत जाणारी पोरे, दवाखान्यात जाणारे म्हातारे, माहेरी निघालेली सासुरवाशीण, पलीकडे मजुरीला जाणारे गडी, या सगळ्यांची गत तीच. आणि पूल झाला की बोट आपोआप बंद पडते, कारण तिचा खर्च मोटारींच्या भाड्यावर निघतो. मोटारी पुलावर गेल्या की उरलेल्या पायी उतारूंच्या चार पैशांवर डिझेलही सुटत नाही.

विचारण्याचा नियम काय सांगतो?

आता सरकारने लोकांना विचारावे असे नियम आहेत. १४ सप्टेंबर २००६ रोजी केंद्र सरकारने काढलेल्या अधिसूचनेप्रमाणे, ज्या मोठ्या प्रकल्पांना ती लागू होते, त्यांच्यासाठी जनसुनावणी घ्यावी लागते. प्रदूषण नियंत्रण मंडळाने ती भरवायची, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीने वरिष्ठ अधिकाऱ्याने अध्यक्षस्थानी बसायचे. निदान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात सूचना द्यायची. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करायचा. सभा प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ भरवायची, तिचे चित्रीकरण करायचे आणि शेवटी इतिवृत्ताचा सारांश लोकांच्या भाषेत त्यांच्यासमोर वाचून दाखवायचा. ज्याला सभेला येणे जमत नाही, पण ज्याचा प्रकल्पाशी संबंध पोहोचतो, त्याला लेखी म्हणणे पाठवता येते.

कागदावर हे सारे चोख आहे. पण त्याच नियमात असेही आहे की सभेला गणपूर्तीची अट नाही. शंभर आले तरी सुनावणी, चार आले तरी सुनावणी! आणि खाडीवरच्या प्रत्येक पुलाला अशी सुनावणी लागतेच असे नाही. किनारा नियमन क्षेत्राची परवानगी मात्र लागते. कांदळवन तोडायचे असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाप्रमाणे काम लोकहिताचे आहे हे न्यायालयाला पटवावे लागते. जमीन घ्यायची असेल तर जमीनमालकाला नोटीस जाते.

जरा बारकाईने पाहा. जमीनमालकाला नोटीस मिळते, कारण त्याच्या नावावर सातबारा आहे. कांदळवनाच्या बाजूने न्यायालय उभे आहे. कोळीबांधवांनी संघटना करून, भांडून, भरपाईचा हक्क बराचसा पदरात पाडून घेतला आहे, आणि ते योग्यच झाले. खाडीच्या मुखाशी डोल जाळी लावणाऱ्याला पुलाचे खांब कुठे येणार हे कळायलाच हवे, कारण खांबांनी पाण्याची ओढ बदलते आणि गाळ नव्या जागी बसतो. चिखलात उतरून तिसऱ्या आणि कालवे गोळा करणाऱ्या बायांचाही हा प्रश्न आहे. पण रोज बोटीने जाणारा उतारू? त्याची जमीन जात नाही, जाळे जात नाही, झाड जात नाही. त्याची जाते ती वाट. आणि पाण्यावरच्या वाटेचा सातबारा कुणाच्याच नावावर नसतो! म्हणून त्याला विचारण्याचे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

दूरच्या एका बेटाची गोष्ट

विचारले तर काय होते, हे पाहायला थोडे दूर जाऊ. कॅनडाच्या पूर्व टोकाला प्रिन्स एडवर्ड नावाचे बेट आहे. १८७३ साली ते कॅनडात सामील झाले, तेव्हा बेटकऱ्यांनी एक अट घालून घेतली: मुख्य भूमीशी टपाल आणि उतारूंची ने-आण करणारी वाफेच्या बोटीची सेवा केंद्र सरकारने चालू ठेवली पाहिजे. बोट थेट घटनेतच जाऊन बसली!

शंभर वर्षांनंतर पुलाची गोष्ट निघाली. हिवाळ्यात त्या सामुद्रधुनीत बर्फ साचते, बोटी अडकतात, माणसे खोळंबतात. दुसरीकडे कोळ्यांना आपल्या मासळीची धास्ती, बोटीवरच्या नोकरांना नोकरीची, आणि कित्येकांना बेटाचे बेटपण जाईल याची. वाद घराघरांत शिरला. तेव्हा बेटाच्या सरकारने १८ जानेवारी १९८८ रोजी सरळ मतदान घेतले. ५९.४ टक्क्यांनी ‘हो’ म्हटले.

एवढ्यावर काम सुरू झाले असे मात्र नाही. १९९० साली तपासणीसाठी नेमलेल्या मंडळाने पुलाची कल्पना नाकारली. खांबांना बर्फ अडेल, वसंतात ते उशिरा वाहून जाईल, आणि त्याचा फटका शेतीला व मासळीला बसेल, असे त्यांचे म्हणणे. मग आराखडा त्या आक्षेपाला उत्तर देईल असा करावा लागला. मुख्य भागात दोन खांबांमध्ये २५० मीटरांचे अंतर ठेवले, पाण्याच्या पातळीशी खांबांना बर्फ फोडणारा शंकूसारखा आकार दिला. कोळ्यांसाठी भरपाईचा निधी आला. न्यायालयात दावे झाले. घटनेतला बोटीचा करार बदलण्यासाठी घटनादुरुस्ती करावी लागली. अखेर ३१ मे १९९७ रोजी १२.९ किलोमीटरांचा पूल खुला झाला.

सगळेच सुखी झाले का? नाही. पूल सुरू झाला आणि त्या वाटेवरच्या बोटींवर पोट असलेल्या माणसांचे काम गेले. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. त्या पुलावरून पायी किंवा सायकलने जायला बंदी आहे. म्हणून अशा प्रवाशांना पलीकडे नेणारी गाडी पुलावर ठेवलेली आहे. आणि बेटाच्या पूर्वेकडच्या दुसऱ्या वाटेवरची फेरीबोट पुलानंतरही चालू राहिली. विचारण्याने पूल अडला नाही. विचारण्याने तो सुधारला.

आपल्याकडचे दोन पूल

आता घरी येऊ. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू, म्हणजे ‘अटल सेतू’, खुला झाला. २१.८ किलोमीटर लांब, त्यातले सुमारे साडेसोळा किलोमीटर समुद्रावर! अभिमान वाटावा असेच काम आहे. पण त्यावर दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी, पायी जाण्याचा तर प्रश्नच नाही. सुरुवातीला मोटारीला एका खेपेचा पथकर २५० रुपये. पुढे त्यावरून काही बसगाड्या सुटल्या. सुदैवाने त्याच दिवशी उरणपर्यंतची लोकल सुरू झाली आणि मोरा ते भाऊचा धक्का ही लाँचही बंद झाली नाही. उरणचा साधा उतारू निभावला तो लोकलने आणि लाँचने. दाभोळला आणि जयगडला लोकल नाही, हे विसरून चालणार नाही.

दुसरे उदाहरण गोव्याचे. पणजीला मांडवी नदीवर १९७० च्या सुमारास पूल झाला, तेव्हा फेरीबोटीचे दिवस भरले असेच सर्वांना वाटले असणार. ५ जुलै १९८६ रोजी, ऐन पावसाळ्यात, तो पूल कोसळला. नवा पूल १९९२ साली उभा राहीपर्यंत पणजीकरांना पलीकडे नेले ते फेरीबोटींनी. आज मांडवीवर एकाला तीन पूल आहेत, तरी पणजी-बेती फेरी चालूच आहे आणि पायी उतारूकडून भाडे घेत नाही. ही फेरी सरकारचे नदी परिवहन खाते चालवते. नफ्यातोट्याच्या हिशेबात ती कधीच बसली नसती. एका पुलाने दगा दिला त्या दिवशी मात्र तिच्या खर्चाचा सारा हिशेब चुकता झाला.

तर मग काय विचारावे?

आपल्याकडे सुनावणीत बहुधा एकच प्रश्न घुमतो: पूल हवा की नको? हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘नको’ म्हणणारा विकासाचा शत्रू ठरतो, ‘हवा’ म्हणणारा कंत्राटदाराचा मित्र ठरतो, आणि दोघे मिळून सभा उधळतात. त्याऐवजी विचारावे ते असे:

१. पूल गावाच्या कोणत्या अंगाला उतरणार? धक्क्यापासून आणि बाजारापासून तिथवर पायी माणूस कसा पोहोचणार?

२. पुलावर पायवाट आहे का? नसेल तर एका धक्क्यापासून दुसऱ्या धक्क्यापर्यंत जाणारी एस.टी. पहिल्या दिवसापासून मिळेल का, आणि किती वाजेपर्यंत?

३. बोट बंद होणार असेल तर कधी, कुणाच्या हुकमाने? लहान लाँच तरी राहील का? तिचा तोटा कोण सोसणार?

४. बोटीवरचे तांडेल, खलाशी, तिकीटवाले, धक्क्यावरचे चहावाले यांचे काय?

५. खांब कुठे येणार, दोन खांबांत अंतर किती, भरतीच्या वेळी खालून केवढी बोट जाईल?

आणि हे विचारण्याची जागा? बोटच! सुनावणी तालुक्याच्या सभागृहात दुपारी अकराला भरवली तर मासळी विकणारी बाई येणार कधी? बोटीत सकाळ-संध्याकाळ सारा गाव बसतो. कोण उतारू, कशासाठी जातो, हातात काय ओझे, पलीकडे उतरून कुठवर चालतो, एवढे चार प्रश्न आठवडाभर बोटीवरच विचारले, तर जे कळेल ते जाडजूड अहवालात सापडायचे नाही. खर्च? दोन माणसे आणि एक वही.

आपला संबंध

वाचक म्हणतील, आम्ही दादर-पुण्याचे. आमचा यात काय संबंध? फार जवळचा आहे. या पुलांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आपणच. गणपतीला आणि मे महिन्यात गावच्या घरी लवकर पोहोचायचे आहे ते आपल्याला. मुलांना घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने मोटार हाकायची आहे ती आपल्याला. गावच्या सातबाऱ्यावर अजूनही नाव आहे ते आपल्या वडिलांचे. महामार्गाचे भाव आले की जमिनीला गिऱ्हाईक शोधणारेही आपणच! तेव्हा पूल होताना आपली सोय नक्की पाहिली जाईल. आपल्याजवळ मोटार आहे, वर्तमानपत्र आहे, अर्ज लिहिण्याची भाषा आहे. पाटीवालीजवळ यातले काही नाही.

म्हणून एवढेच करावे. या दिवाळीत गावी जाल तेव्हा खाडीवर बोट असेल तर मोटारीच्या काचा खाली करून शेजारच्या उतारूशी दोन शब्द बोला. पूल झाल्यावर तुमचे कसे होईल, एवढेच विचारा. तो जे सांगेल ते लिहून घ्या. आणि मुंबईच्या घरी कधी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक अक्षरात, आपल्या खाडीच्या नावाची सरकारी सूचना दिसली, तर ती वाचून पान उलटू नका. तीस दिवसांची मुदत असते. एक पोस्टाचे पाकीट आणि एक कागद पुरे आहे. त्यावर आपल्या सहीखाली त्या उतारूचे म्हणणे जाऊ द्या.